जमीन आपली, पण परवानगी कौन्सिलची



गेल्या रविवारी वंदना आटोपून विहाराच्या पायरीवर बसलो होतो. शेजारच्या आक्कांचा मुलगा कामासाठी इंग्लंडला गेला आहे. त्यांनी विचारले, "दादा, तिकडं म्हणे भिक्खूंसाठी रीतसर पैसे मोजून घर घेतलं, तरी कौन्सिलाची परवानगी लागली. स्वतःच्या घरात राहायला परवानगी कसली?"

आक्कांनी ऐकलेली गोष्ट खरी आहे. वेस्ट ससेक्स परगण्यातील चिथर्स्ट या खेड्याची ती हकिकत.

१९७८ साली लंडनच्या हॅम्पस्टेड भागात भिक्खू भिक्षाटनाला निघत. त्यांचे प्रमुख अजान सुमेधो हे जन्माने अमेरिकन, थायलंडच्या अजान चाह यांचे शिष्य. एके दिवशी व्यायामासाठी धावणारा एक गृहस्थ त्यांना पाहून थांबला. ओळख वाढली आणि त्याने आपले ससेक्समधील हॅमर वुड नावाचे जंगलच दान दिले. दान मोठे, पण तिथे पक्की इमारत बांधायला नियमांची आडकाठी! जंगलात चंक्रमण करायला हरकत नाही, पण रात्री पाठ टेकायची कुठे? तेव्हा ट्रस्टने १९७९ साली जंगलाजवळचे चिथर्स्ट हाऊस हे पडीक जुने घर विकत घेतले. छप्पर गळके, लाकूड कुजलेले, आवारात तीसेक मोडक्या मोटारी. भिक्खूंनी आणि उपासकांनी हातात फावडी घेऊन ते साफ केले. त्याच साली चार स्त्रियांनीही तिथे पांढरी वस्त्रे घेतली.

आता खरी गोम. इंग्लंडात १९४७ साली नगर व ग्राम नियोजनाचा कायदा झाला आणि १ जुलै १९४८ पासून लागू झाला. मालकी मालकाकडेच राहिली, पण जमिनीवर काय उभारायचे हे ठरवण्याचा हक्क सरकारकडे गेला. नुसते बांधकामच नव्हे, वापर बदलणे हेही त्यात आले. राहत्या घराचा मठ करायचा, तर विटेला वीट न लावताही अर्ज करावा लागतो.

अर्ज आला की कौन्सिल तो जाहीर करते. शेजारी हरकती लिहून देतात. गावची पॅरिश कौन्सिल मत देते, निर्णय मात्र तिच्या हाती नसतो. साध्या अर्जाचा निकाल ८ आठवड्यांत, मोठ्याचा १३ आठवड्यांत द्यावा असा नियम. हरकत कशावर घ्यायची यालाही मर्यादा आहे. रहदारी, गोंगाट, झाडे, जुन्या वास्तूची शोभा ही कारणे चालतात. आमच्या घराची किंमत उतरेल, हे चालत नाही. आणि हे लोक आम्हाला नकोत, हे तर मुळीच नाही.

अर्थात मनातला आकस रहदारीचा कोट घालून येऊ शकतो, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. पण प्रत्येक तक्रार आकसाचीच असते, असेही मी म्हणणार नाही. लेचमोर हीथ या लंडनजवळच्या खेड्याचे पाहा. जॉर्ज हॅरिसन या प्रसिद्ध गायकाने १९७३ साली तिथला वाडा कृष्णभक्तांना दिला. उत्सवाला हजारो माणसे येऊ लागली, अरुंद रस्त्यावर गाड्या अडकू लागल्या. गावकरी वैतागले, कौन्सिलने जाहीर पूजा बंद करायला सांगितले आणि भांडण वर्षानुवर्षे चालले. शेवटी १९९६ साली मंत्री जॉन गमर यांनी परवानगी दिली, ती गावाला वळसा घालून जाणारा नवा रस्ता करण्याच्या अटीवर. तो रस्ता आधीच सुचला असता तर कितीतरी मनस्ताप वाचला असता!

नकार मिळालाच तर कौन्सिलला कारणे लेखी द्यावी लागतात आणि अर्जदाराला अपिलात जाता येते. हरकत घेणाऱ्याला मात्र अपील नाही. कायद्यात चूक झाली असेल तरच त्याला कोर्टाचे दार. मंजुरी मिळाल्यावरही शेजारी कुढत राहतात, त्याचे एक कारण हे असावे.

चिथर्स्टच्या गावकऱ्यांतही धाकधूक होती. मुंडण केलेली, चीवर पांघरलेली माणसे त्यांनी कधी पाहिली नव्हती, आणि काहींनी विरोधही केला. भिक्खू वाद न घालता घर दुरुस्त करीत राहिले. १९८१ साली चिचेस्टर जिल्हा कौन्सिलने त्या घराचा मठ म्हणून वापर करायला मंजुरी दिली. त्याच वर्षी तिथे सीमा बांधली गेली आणि उपसंपदा होऊ लागल्या.

आक्का म्हणाल्या, "म्हणजे एकदा कागद मिळाला की सुटलो." नाही आक्का. तो भाग आता साउथ डाउन्स राष्ट्रीय उद्यानात येतो, आणि तिथे नवी इमारत उठवायची झाली तर पुन्हा नवा अर्ज, पुन्हा नव्या हरकती.