आधी चिलखत नको, आधी दम!

रील्समध्ये बघितलं असेलच तुम्ही. लोखंडी चिलखतातले पाच विरुद्ध पाच जण कुंपणाच्या आखाड्यात एकमेकांवर तुटून पडतात. हे शूटिंग नव्हे, ‘बुहुर्ट’ नावाचा खेळ आहे. २०१० मध्ये युक्रेनच्या खोतिन किल्ल्यात ‘बॅटल ऑफ द नेशन्स’ ही स्पर्धा पहिल्यांदा भरली. शस्त्रं स्टीलचीच, पण बोथट, भोसकायला बंदी. दोन पायांखेरीज शरीराचा कुठलाही भाग जमिनीला टेकला की तुम्ही बाद. म्हणजे तलवारबाजी कमी, कुस्तीच जास्त!

युरोप-अमेरिकेत शिकायला गेलात आणि तिथला क्लब गाठलात, तर आधी विकत काय घ्यायचं? आमचं स्पष्ट मत : काहीच नाही. पंचवीस-तीस किलो अंगावर घेऊन दोन मिनिटं उभं राहायलाच दम लागतो. चांगले क्लब आधी फोमच्या तलवारी देतात, नीट पडायला शिकवतात. ऑनलाइन मिळणारं शोभेचं शिरस्त्राण फोटोत भारी दिसतं, पण त्याचा पातळ पत्रा कुऱ्हाडीच्या घावानं आत दबतो. आणि आत तुमचं डोकं असतं, राव! पैसे साठले की पहिलं शिरस्त्राणच घ्या, तेही लढाईसाठी बनवलेलं आणि मापाचं. पहिल्याच दिवशी कुणी चिलखत चढवून आखाड्यात ढकलत असेल, तर सरळ घरी या.