पाटा मिळेल का, पाटा?

जुन्या पिकअपचं इंजिन कुठलाही बरा मिस्त्री खोलून बांधून देतो. रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व्ह मिळतात. अगदीच नाही मिळाले तर बोअर करून जवळच्या मापाचे बसवता येतात. गाडी अडते ती खालच्या अंगाला. पाटे, शॅकल, पिना, बुश, शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांतला एखादा नग जातो आणि धडधाकट इंजिनाची गाडी अंगणात उभी राहते. शोरूमच्या काउंटरवर उत्तर मिळतं, ‘‘ते मॉडेल बंद झालं. माल येत नाही.’’

ज्याच्या घरी ही गाडी हौसेपायी ठेवलेली असते, त्याला सवड असते. पण जुन्नर भागातून टोमॅटो भरून माळशेज घाट उतरणारा, पहाटे दुधाचे कॅन उचलणारा, मंडपाचं सामान वाहणारा माणूस काय करणार? गाडी थांबली की त्या दिवसाचा धंदा थांबतो. माल नासतो, गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं. अशा वेळी ‘चालवून घेऊ’ म्हणून तुटका पाटा तारेने आवळून किंवा वेल्डिंग मारून गाडी पुन्हा रस्त्यावर आणली जाते, आणि तिथेच घात होतो.

एवढ्याशा पाट्याने काय होतं?

पाट्याचं काम फक्त धक्के सोसण्याचं, असा समज आहे. जीपच्या घराण्यातल्या गाड्यांत अ‍ॅक्सल जागच्या जागी धरून ठेवण्याचं कामही पाटाच करतो. एकावर एक रचलेल्या पाट्यांत सर्वांत लांब असतो तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना गोल वळवलेले डोळे असतात. एक डोळा पिनेने चासीला बांधलेला, दुसरा शॅकलमधून झुलता ठेवलेला. वजन पडलं की पाटा सरळ होऊन लांबतो, त्याला जागा मिळावी म्हणून हा शॅकल. मधोमध सेंटर बोल्ट सगळे पाटे एकत्र ओवतो आणि दोन यू बोल्ट ती जुडी अ‍ॅक्सलवर आवळून धरतात.

पुढच्या चाकाचा मेन पाटा डोळ्यापाशी तुटला, तर अ‍ॅक्सल मागे सरकतो आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. सपाट रस्त्यावर हे निभावतं. घाटात, भरल्या गाडीत, वळणावर निभावत नाही. म्हणूनच काही गाड्यांत दुसऱ्या पाट्याचं टोक मेन पाट्याच्या डोळ्याभोवती थोडं वळवून घेतलेलं असतं. पहिला तुटला तरी दुसऱ्याने धरावं, ही त्यामागची सोय.

बहुतेकदा पाटा आधी तुटत नाही, आधी यू बोल्ट ढिले होतात. ते ढिले झाले की पाट्यांची जुडी हलू लागते, सेंटर बोल्टवर मार बसतो आणि भोकामुळे मुळातच कमजोर असलेल्या मध्यावर तडा जातो. त्यामुळे नवा पाटा शोधायला निघण्यापूर्वी जुना का तुटला, ते बघितलेलं बरं. नाही तर मोठ्या कष्टाने मिळवलेला नगही काही महिन्यांत त्याच जागी तुटेल.

बंद गाड्या, चालू भाग

महाराष्ट्रात मालवाहू छोट्या गाडीला सरसकट ‘टेम्पो’ म्हणतात, ते एका जर्मन कंपनीच्या नावावरून. १९५८ मध्ये फिरोदियांनी तिच्याशी करार करून तीनचाकी बनवायला सुरुवात केली. पुढे त्याच बजाज टेम्पोने मॅटॅडोर आणली. ती गाडी बंद होऊन वीसहून अधिक वर्षं झाली. २००५ मध्ये कंपनीचं नावही फोर्स मोटर्स झालं. टाटांची टाटामोबाइल २०६ ही पिकअप १९८८ मध्ये आली, तीही आता इतिहासजमा आहे. महिंद्राच्या जुन्या जीपवर बेतलेल्या पिकअपची कितीतरी मॉडेलं आली आणि गेली.

गाडी बंद झाली म्हणजे तिचा प्रत्येक भाग बंद झाला, असं मात्र नसतं. कंपन्या एकाच पायावर अनेक गाड्या बेततात. टाटामोबाइलच्याच पायावर पुढे सिएरा, इस्टेट आणि सुमो उभ्या राहिल्या. सुमो तर २०१९ पर्यंत बनत होती. जीपच्या घराण्यातही अनेक मॉडेलांत बुश, पिना, शॅकल सारखेच आहेत. तेव्हा ‘या गाडीचा पाटा आहे का?’ असं विचारलं तर ‘नाही’ हेच उत्तर येणार. पार्ट नंबर सांगून विचारलं, तर तोच नग दुसऱ्या गाडीच्या नावाने रॅकवर सापडू शकतो.

यासाठी पहिलं काम घरच्या घरी करायचं. आर. सी. बुकातून मॉडेल, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि चासी नंबर उतरवून घ्यायचा. एकाच नावाच्या गाडीत मधल्या वर्षी भाग बदललेले असतात, म्हणून महिना महत्त्वाचा. मग जुना नग रॉकेल किंवा डिझेलने धुऊन त्यावर कोरलेला नंबर शोधायचा. हा नंबर कंपनीच्या पार्ट काउंटरवर नेऊन ‘याच्या बदली कुठला नंबर आला?’ असं विचारायचं. कंपन्या भागात किरकोळ सुधारणा करून त्याला नवा नंबर देतात. जुना नंबर यादीतून जातो आणि काउंटरवरचा पोरगा ‘बंद’ म्हणून मोकळा होतो. जुनी पार्ट कॅटलॉगची वही ज्याच्याकडे असते, असा एखादा मुरलेला काउंटरवाला अशा वेळी देवासारखा भेटतो.

नंबर नाहीच मिळाला तर मापं घ्यावीत. पाट्याची रुंदी, प्रत्येकाची जाडी, पाट्यांची संख्या, डोळ्याचा आतला व्यास, बाक किती, आणि एका डोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतची लांबी. यांतलं एक माप हमखास राहून जातं. सेंटर बोल्टपासून पुढचा डोळा किती आणि मागचा किती, ही दोन्ही अंतरं वेगवेगळी घ्यायची. पुष्कळ पाट्यांत ती सारखी नसतात. पाटा उलटा किंवा चुकीचा बसला तर अ‍ॅक्सल पुढे-मागे होतो. डावा आणि उजवा पाटाही काही गाड्यांत वेगळा असतो. दोन्ही बाजू मोजाव्यात.

बाजार कुठे?

पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर आणि जुन्या मालासाठी कुर्ला. दिल्लीत काश्मीरी गेट, कोलकात्यात मल्लिक बाजार, चेन्नईत जी. पी. रोड आणि जुन्यासाठी पुदुपेट, बंगळूरला जे. सी. रोड. गाड्यांच्या भागांचे हे मोठे बाजार. जीपच्या भागांसाठी हरियाणा-पंजाबच्या सीमेवरच्या मंडी डबवालीचं नाव देशभर घेतलं जातं, कारण तिथे जुन्या जीप नव्याने बांधण्याचा धंदाच आहे.

पण थेट मोठ्या बाजारात धाव घेण्याआधी तालुक्याच्या गावातली जुनी दुकानं पालथी घालावीत. ज्या भागात एकेकाळी एखादी गाडी खूप चालली, तिथल्या दुकानदाराच्या माळ्यावर तिचे नग धूळ खात पडलेले असतात. त्याला ते विकले जाण्याची आशा उरलेली नसते. चार दिवसांनी पुन्हा विचारायला गेलं की ‘‘परवा तुम्ही म्हणाला होतात ना, सापडला बघा एक,’’ असंही ऐकायला मिळतं. लांबच्या बाजारात जायचं झालं तर जुना नग सोबत न्यावा. ते शक्य नसेल तर मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो मोबाइलवर पाठवावा. नुसत्या फोटोवरून माप कळत नाही आणि परत पाठवण्याचा ट्रान्सपोर्टचा खर्च आपल्यालाच पडतो.

जुना नग घेताना पावती हवीच. मेरठच्या सोतीगंजमध्ये चोरीच्या गाड्या फोडून भाग विकले जात. पोलिसांच्या कारवाईनंतर डिसेंबर २०२१ मध्ये तो बाजार बंद झाला. पावती न देणाऱ्याकडे स्वस्त मिळालेला माल पुढे महागात पडतो. शिवाय जुन्या मालाचा झराही आता आटतो आहे. पूर्वी सरकारी जीप लिलावात निघत आणि त्यांचे भाग बाजारात येत. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपुढच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवली जात नाही आणि त्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रांत जातात.

काय बनवून घ्यावं, काय नाही

सुदैवाने पाटा ही वस्तू आपल्याकडे अजून बनवून मिळते. हायवेच्या कडेला पाट्यांचं काम करणारे कारागीर असतात. ते मापाची पट्टी कापतात, डोळा वळवतात, बाक देतात. मात्र पट्टी सिलिकॉन-मँगनीजच्या स्प्रिंग स्टीलची हवी आणि तिला पाणी नीट चढलेलं हवं. साधारण साडेआठशे-नऊशे अंशांपर्यंत तापवून तेलात बुडवायची आणि पुन्हा बेताच्या आचेवर टेंपर करायची, ही त्याची रीत. हे केलं नाही तर पाटा एक तर काचेसारखा तुटतो, नाही तर महिन्याभरात बसतो. म्हणून भट्टी असलेला आणि काम बघू देणारा कारागीर निवडावा. बसलेल्या पाट्यावर गार असतानाच घण मारून बाक दिला, तर तो बहुधा फार दिवस टिकत नाही.

तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग कधीही करू नये. जोडाच्या आजूबाजूचं स्टील आपलं पाणी गमावतं आणि पुढचा तुकडा तिथेच पडतो.

बुश हा त्यातल्या त्यात सोपा भाग. रबराचा असेल तर नमुन्यावरून साचा करून देणारे मिळतात, गनमेटलचा असेल तर लेथवाला करून देतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी कामं पिढ्यान् पिढ्या होत आली आहेत. शॅकलची पीन लेथवर करता येते, पण साध्या लोखंडाची नको. चांगल्या स्टीलची आणि वरून कडक केलेली हवी, नाही तर ती बुशाच्या आधी झिजते.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर दुसऱ्या गाडीचा चालू शकतो, पण तीन गोष्टी जुळल्या तरच. पूर्ण उघडल्यावरची लांबी, पूर्ण दाबल्यावरची लांबी आणि दोन्ही टोकांची बांधणी. लांबीला कमी पडला तर चाक खड्ड्यात उतरताना तोच ताणला जाऊन बांधणी उखडते. जास्त लांब असला तर गाडी दबल्यावर आतून ठोकर खाऊन फुटतो. बदलताना जोडीने बदलावेत.

बॉल जॉइंट, टाय रॉडचं टोक, चाकाचा नकल हे भाग मात्र कुणाकडून घडवून घेऊ नयेत, वेल्ड करू नयेत आणि भंगारातून उचलू नयेत. ते तुटले तर चाकावरचा ताबाच जातो. ते नवे आणि खात्रीचे मिळत नसतील, तर गाडीला निरोप देण्याची वेळ आली असं समजावं.

आणखी एक मोह म्हणजे पाटा बदलताना एक जादा टाकून घेण्याचा. त्याने गाडी उचललेली दिसते, पण आर. सी. बुकावरचं वजन वाढत नाही. धक्का पाट्याने सोसला नाही की तो चासीला बसतो आणि चासीला तडे जातात. शिवाय आर. सी.त नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मोटर वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने करता येत नाही. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं, तिथे खालची बाजू तपासली जाते, हेही लक्षात असावं.

ग्राहकाच्या बाजूनेही थोडी हालचाल झाली आहे. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काबाबतचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचाही समावेश आहे. तिथे कंपन्यांकडची दुरुस्तीविषयक माहिती मिळते. जुन्या मॉडेलचा भाग त्याने लगेच हातात पडेल असं नाही, पण कंपनीला विचारायला एक खिडकी उघडली आहे.

नवा पाटा बसला की काम संपत नाही. भरल्या गाडीने चार-सहा दिवस चालवल्यावर यू बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे. शॅकलला ग्रीसचं निपल असेल तर ग्रीस चुकवायचं नाही. आणि ज्या भागासाठी महिनाभर वणवण झाली, तो मिळाला की परवडत असेल तर दोन घ्यायचे.

शेवटी एक शंभर पानी वही. तिच्यात चासी नंबर, सापडलेले पार्ट नंबर, पाट्यांची मापं, कुठल्या दुकानात काय मिळालं, कारागिराचा फोन आणि बसवल्याची तारीख. गाडी चालवणारा घरी नसताना ती रस्त्यात अडली, तर घरातल्या कुणालाही वही उघडून फोन करता येईल. ती गाडीत ठेवू नये, घरातच ठेवावी.