खोली मिळाली, पण करार कुठे आहे?

बारावीचा निकाल लागला की शहापूर-मुरबाडच्या अनेक घरांत एकच प्रश्न सुरू होतो. प्रवेश तर मिळाला, आता राहायचे कुठे? शहापूरच्या मुलांना निदान आसनगावला लोकल पकडता येते. मुरबाडला अजून रेल्वे नाही. धसई, टोकावडे, सरळगावच्या मुलांना आधी मुरबाड, मग कल्याण आणि तिथून पुढची गाडी. रोज एवढा प्रवास करून प्रॅक्टिकल आणि परीक्षा सांभाळणे कठीण, म्हणून कल्याण, ठाणे किंवा मुंबईत खोली नाहीतर वसतिगृह शोधावे लागते. मुलगा असेल तर अब्बा कसेबसे तयार होतात. मुलगी असेल तर ‘राहण्याची सोय नीट नाही’ या एका वाक्यावर तिचे शिक्षण थांबते.

ही सोय नीट कशी करायची आणि कायदा आपल्या बाजूने कुठे उभा राहतो, हे या महिन्यात आम्ही मांडत आहोत.

आधी भाड्याच्या खोलीचे पाहू. आपल्याकडे बहुतेक व्यवहार ओळखीवर होतात. कुणाचे तरी मामू सांगतात, मालक भला माणूस आहे, डिपॉझिट हातात ठेवा आणि चावी घ्या. माणूस भला असेलही. पण कुरआन शरीफच्या सूरह बकरामधील सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे, हे आपण विसरतो. लिहिणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे.

देशाचा कायदाही हेच सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, विद्यार्थ्याची नाही. ती टाळली तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर खोली कोणत्या अटींवर दिली होती याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे असते.

खर्चाची भीती बाळगू नका. समजा भाडे महिना ६,००० रुपये, डिपॉझिट २०,००० रुपये आणि मुदत ११ महिने. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवर धरलेले १० टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का लागते. म्हणजे साधारण २०० रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्याचा ठसा लागतो. एजंटने यापेक्षा बरेच जास्त मागितले, तर ती त्याची मजुरी आहे, सरकारी फी नव्हे, हे ओळखा.

करारात चार गोष्टी वाचून घ्या. डिपॉझिट किती आणि खोली सोडल्यावर किती दिवसांत परत मिळणार. मुदतीआधी सोडायची झाल्यास किती दिवसांची नोटीस. वीज-पाण्याचे पैसे कोण भरणार. खोलीत किती जण राहणार. डिपॉझिट रोख न देता बँकेतून द्या किंवा सहीची पावती घ्या. आत जाण्याच्या दिवशी भिंती, नळ, पंखा, दरवाजा यांचे फोटो मोबाइलवर काढून मालकाला पाठवा. मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांची नसेल, तर करार पालकाच्या नावाने करा, कारण अल्पवयीनाचा करार कायद्यात टिकत नाही. आणि मुदत संपली की खोली रिकामी करा किंवा नवा करार करा. कलम २४ प्रमाणे मुदतीनंतर अडून राहणाऱ्याला दुप्पट रक्कम भरावी लागते. मात्र मालकालाही सामान बाहेर फेकण्याचा हक्क नाही. त्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो.

डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, असे अनेक जण ठामपणे सांगतात. ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातले आहे. तो नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो. म्हणून त्याच्या भरवशावर मालकाशी भांडू नका, रक्कम आधीच घासाघीस करून ठरवा.

आता एक कटू गोष्ट. नाव ऐकताच ‘खोली गेली’ असे उत्तर आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. संविधानाचे कलम १५ शासनाला धर्मावरून भेदभाव करू देत नाही. दुकाने, हॉटेले अशा जागांनाही ते लागू आहे. पण खासगी मालकाने आपली खोली कोणाला द्यावी, यावर ते थेट चालत नाही. ही कायद्यातली उणीव आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मात्र मालक तयार असूनही ‘सोसायटी परवानगी देणार नाही’ किंवा ‘पोलीस परवानगी देणार नाहीत’ असे सांगितले जाते, तिथे आपण बोलू शकतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे घर भाड्याने देण्यासाठी सदस्याला संस्थेची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी लेखी कळवावे लागते. पोलिसांकडेही भाडेकरूची माहिती द्यायची असते, परवानगी मागायची नसते. हे दोन मुद्दे मालकाला शांतपणे समजावले तर काही दारे उघडतात.

वसतिगृहाचा प्रश्न वेगळा आहे. तिथे भाड्यापेक्षा वागणुकीचा धोका मोठा असतो. जळगावच्या डॉ. पायल तडवी आपण विसरलेलो नाही. तडवी भिल्ल या मुस्लिम आदिवासी समाजातील ही २६ वर्षांची मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी वसतिगृहाच्या खोलीत तिचा जीव गेला. वरिष्ठ डॉक्टर जातीवरून छळत होत्या, अशी तक्रार कुटुंबाने केली आणि अ‍ॅट्रॉसिटी व रॅगिंगविरोधी कायद्यांखाली गुन्हा दाखल झाला. तिची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला यांनी मिळून त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. भेदभावाविरुद्धचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे नियम कागदावरून प्रत्यक्षात यावेत, ही त्यांची मागणी होती.

महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा तेव्हा २० वर्षांचा झाला होता. १९९९ चा हा कायदा वसतिगृहालाही लागू आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसले तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. त्याने हयगय केली तर तो स्वतः रॅगिंगला चिथावणी देणारा ठरतो. हे सात दिवस तक्रारीपासून मोजले जातात. म्हणून मुलीने फोनवर काही सांगितले, तर ‘सहन कर, वर्ष निघून जाईल’ असे म्हणू नका. लेखी तक्रार करा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. आणि मूळ प्रमाणपत्रे महाविद्यालयात अडकवून ठेवता येत नाहीत, हे आयोगाने २०१८ मध्येच सांगितले आहे. कागद अडकले म्हणून मुलीने त्रासात राहण्याची गरज नाही.

पैशांच्या वादासाठी, म्हणजे खासगी वसतिगृहाने किंवा पेइंग गेस्ट चालवणाऱ्याने डिपॉझिट बुडवले तर, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. वकील परवडत नसेल तर विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रियांना ही मोफत मदत उत्पन्न कितीही असले तरी मिळते. खासगी वसतिगृहाने बिलात जीएसटी जोडला, तर हेही लक्षात ठेवा की जुलै २०२४ पासून महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग ९० दिवसांच्या राहण्यावर तो माफ आहे.

शेवटी दोन शब्द आपल्यातल्या घरमालकांना. शहापूर तालुक्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आली आणि बाहेरगावची मुले आसनगाव-सापगावच्या बाजूला खोल्या घेऊन राहू लागली. त्यांच्यात आपल्या मुलांसारखीच घरापासून दूर आलेली मुले आहेत. त्यांच्याशी करार करा, पावती द्या, डिपॉझिट वेळेवर परत करा. ते पैसे आपल्याकडे अमानत आहेत. कल्याणच्या मालकाकडून आपण जे मागतो, ते आपल्या दारात आलेल्या मुलालाही मिळाले पाहिजे.

प्रवेशाची फी भरायला निघाल, तेव्हा खोलीच्या कराराची वेळही त्याच दिवशी ठरवा. चावी हातात घेण्याआधी सही झालेली असू द्या.