राखीव खुर्ची आणि रिकामा हंडा

5 जानेवारी 1924 रोजी महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. त्याआधी 4 ऑगस्ट 1923 रोजी रावबहादूर बोले यांचा सार्वजनिक पाणवठ्यांबाबतचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला होता. कागदावर सगळे चोख होते. तरीही पुढची तीन वर्षे त्या तळ्याचे ओंजळभर पाणी आपल्या माणसांना घेता आले नाही. ते घेतले गेले 20 मार्च 1927 रोजी, बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर चालत गेले तेव्हा. आणि काही महिन्यांतच, 4 ऑगस्ट 1927 रोजी, त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द करून टाकला. कोर्टाची लढाई 1937 पर्यंत चालली.

दर 20 मार्चला आपण महाडच्या क्रांतीला अभिवादन करतो. पण त्या लढ्याच्या मध्यभागी एक नगरपालिका होती, हे आपल्या भाषणांत फारसे येत नाही. ठराव होणे आणि पाणी मिळणे यात किती अंतर असते, हा महाडचा धडा आहे. बीड जिल्ह्यातल्या नगरपरिषदांकडे आम्ही आज त्याच नजरेने पाहतो.

2016 च्या अखेरीस निवडून आलेल्या आपल्या नगरपरिषदांची मुदत पाच वर्षांनी संपली. संविधानाच्या कलम 243 यू नुसार मुदत संपण्याआधीच नवी निवडणूक व्हायला हवी होती. प्रत्यक्षात ती झाली 2 डिसेंबर 2025 रोजी. मधली जवळपास चार वर्षे प्रशासकाची होती. ओबीसींच्या राजकीय आरक्षणामुळे निवडणुका रखडल्या, असे सर्रास सांगितले जाते. आम्हाला हे मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2021 च्या निकालात ओबीसी आरक्षणासाठी आकडेवारीची अट घातली होती. आकडेवारी गोळा करणे हे सरकारचे काम होते. ते वेळेत न करणाऱ्यांनी दोष मात्र ओबीसी बांधवांच्या माथी मारला. शेवटी 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिले, तेव्हा कुठे यंत्रणा हलली.

ही चार वर्षे वस्तीने कशी काढली? नगरसेवक कसाही असो, त्याच्या दारात जाऊन आपली आई-मावशी दोन शब्द सुनावू शकते. प्रशासकाच्या दारात शिपाई असतो.

आणि मतदान झाले तेही डिसेंबरमध्ये! दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातले कोयते कारखान्यांकडे निघतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. यात केवळ खेड्यातली माणसे नसतात. गेवराई, माजलगाव, धारूर, परळी या गावांच्या कडेच्या वस्त्यांतलीही घरे असतात. ज्या घराला कुलूप आहे, त्या घरातले मत कोण मोजणार? ऊसतोड मजुराला मतदानासाठी गावी यायचे तर गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी, दोन्ही त्याच्याच अंगावर पडते. अशा मतदाराची सोय कशी करायची, या प्रश्नावर जिल्ह्यातल्या प्रत्येक पक्षाने बोलायला हवे.

आता खुर्चीविषयी. बीडचे नगराध्यक्षपद यावेळी अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघाले. आपल्या तरुणांनी आनंद व्यक्त केला, तो योग्यच होता. ज्या शहरात आपल्या आज्यांनी डोक्यावरून घाण वाहिली, त्या शहराची पहिली नागरिक आपली लेक होते, ही लहान गोष्ट नाही. पण आनंदाच्या भरात एक प्रश्न मागे राहू नये. नगराध्यक्ष आता थेट जनतेतून, म्हणजे अख्ख्या शहराच्या मतांवर निवडला जातो. तिकीट पक्ष देतो, खर्च पक्ष करतो, निकाल शहरातले बहुसंख्य मतदार ठरवतात. मग खुर्चीवर बसणारी व्यक्ती कोणाला बांधील असेल? पुणे करारानंतर बाबासाहेबांनी संयुक्त मतदारसंघाबद्दल नेमकी हीच तक्रार मांडली. मान्यवर कांशीराम यांनी 1982 मध्ये या विषयावर अख्खे पुस्तक लिहिले. हे आम्ही कोणा व्यक्तीबद्दल लिहीत नाही. उद्या तुम्ही-आम्ही निवडून गेलो तरी तीच दोरी आपल्याही गळ्यात असेल. ती दोरी सैल करायची तर दुसऱ्या बाजूने वस्तीची पकड घट्ट लागते.

ही पकड आज कुठे आहे? खेड्यात निदान ग्रामसभा आहे. सरपंच टाळाटाळ करतो, कोरम भरत नाही, सह्या घरोघर फिरवून घेतल्या जातात, हे सगळे खरे. पण उभे राहून प्रश्न विचारण्याची कायदेशीर जागा तिथे आहे. शहरात काय आहे? 74 व्या घटनादुरुस्तीने कलम 243 एस मध्ये वॉर्ड समित्यांची सक्ती केली, पण ती 3 लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी. 2011 च्या जनगणनेनुसार बीड शहराची लोकसंख्या 1,46,709. बीडची ही गत, तर धारूर आणि गेवराईचे काय विचारता? म्हणजे जिल्ह्यातल्या एकाही नगरपरिषदेला ही सक्ती लागू नाही. गाव सोडून शहरात आलेल्या माणसाची ग्रामसभा गेली आणि तिच्या जागी काहीच आले नाही.

इथे काही साथी आम्हाला अडवतील. बाबासाहेबांनीच 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्याला राज्याचा पाया मानायला नकार दिला, मग तुम्ही ग्रामसभेचे गोडवे का गाता? आक्षेप रास्त आहे. 1932 साली ग्रामपंचायत विधेयकावर बोलतानाही दुबळ्या समाजाला स्वतंत्र संरक्षण न देता पंचायतीच्या हाती सत्ता द्यायला त्यांनी विरोध केला होता. त्यांचा विरोध होता तो गावातल्या जातीच्या बहुमताला. माणसांनी एकत्र बसून कारभाऱ्याला जाब विचारण्याला नव्हता. म्हणूनच आम्हाला शहरात गावकीची नक्कल नको. आम्हाला वस्तीची सभा हवी. जिथे आपलीच माणसे, त्यातही पाणी भरणाऱ्या बाया, बोलतील आणि बोललेले लिहून ठेवले जाईल.

लिहून ठेवणे का महत्त्वाचे, त्याचा एक अनुभव सांगतो. जिल्ह्यातल्या एका शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या एका वस्तीत नालीचे पाणी घरात शिरते, म्हणून आम्ही काही बायांसोबत कार्यालयात गेलो. टेबलावरच्या साहेबांनी फाईल काढली आणि म्हणाले, "अहो, तुमची नाली तर झालेली आहे." आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. आमच्यातली एक आत्याबाई पुढे झाली आणि म्हणाली, "साहेब, नाली फायलीत झाली असंल, तर पानी बी फायलीतच सोडा की. आमच्या घरात कशाला सोडता?" साहेब हसले. आम्हीही हसलो. नाली अजून झालेली नाही. त्या दिवशी आम्ही तोंडी बोलून परत आलो, लेखी अर्ज दिला नाही, पोच घेतली नाही, ही आमची चूक. आज पाठपुरावा करायला आमच्या हातात कागदाचा एक तुकडा नाही.

डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच होता. कमानीवरची नावे बदलली पाहिजेत. पण कमानीच्या आतली नाली, नळ आणि दिवा बदलत नसेल, तर नव्या नावाचे आम्ही काय करायचे? 17 सप्टेंबर 2025 रोजी बीडला रेल्वे आली. कित्येक वर्षांची मागणी पूर्ण झाली, आम्हालाही आनंद झाला. पण माजलगाव आणि बिंदुसरा प्रकल्पाचे पाणी ज्या शहरासाठी आहे, तिथल्या बाईला नळ कोणत्या दिवशी येणार हे सांगता येत नाही. त्या एका दिवसासाठी तिची मजुरी बुडते आणि पोरीची शाळा बुडते. बाबासाहेबांनी आपल्याला शहरात जा म्हटले, ते शिक्षण आणि रोजगार मिळावा म्हणून. शहरातही नळाखाली हंडा लावून पोरगी घरीच बसणार असेल, तर आपण गाव सोडून मिळवले काय?

म्हणून आमचे तरुणांना सांगणे आहे. दर पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास सगळ्यांनी बसायचे. एक वही ठेवायची. त्यात या महिन्यात नळ कोणकोणत्या तारखांना आला, घंटागाडी किती वेळा आली, नाली कोणी आणि कधी काढली, हे लिहायचे. नाली काढणारा कामगार कंत्राटी आहे का, त्याला हातमोजे-बूट मिळाले का, पगार वेळेवर झाला का, हेही लिहायचे. तो माणूसही बहुधा आपल्यातलाच असतो. महिन्याच्या शेवटी त्यावरून अर्ज करायचा आणि पोच घ्यायची. वस्ती सुधारणेचा निधी किती आला आणि कुठे खर्च झाला, याची माहिती 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार नगरपरिषदेने आपणहून जाहीर करायला हवी. ती मागायची. प्रभागाच्या नगरसेवकाला तीन महिन्यांतून एकदा त्याच वहीसमोर बोलवायचे, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

हे काम जयंतीच्या मिरवणुकीसारखे नाही. यात डीजे नाही, फोटो नाही, आणि पहिल्या दोन पौर्णिमांना पाचच माणसे येतील. पण पाच वर्षांनी जेव्हा पुन्हा मते मागायला लोक येतील, तेव्हा वस्तीच्या हातात साठ महिन्यांची वही असेल. मताची किंमत नोटेत लावायला आलेल्याला ती वही उघडून दाखवता येईल.

महाडला ठराव आधी झाला होता. पाणी माणसे चालून गेल्यावर मिळाले. आपल्या शहरात राखीव खुर्ची मिळाली आहे. चालणे बाकी आहे.

जय भीम!