जुनी एसएसडी आणि अब्बांचा आवाज

आमच्या भाच्याने गेल्या महिन्यात एक वापरलेली एसएसडी आणली. इंजिनिअरिंगचे दुसरे वर्ष, लॅपटॉप सहा वर्षांचा, सुरू व्हायलाच चार मिनिटे घेणारा. नवी घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून जुन्या सामानाच्या दुकानातून ५०० जीबीची, निम्म्या भावात. "दोनच महिने वापरलेली आहे, हेल्थ शंभर टक्के," असे दुकानदाराने सांगितलेले. इथवर आमची काही तक्रार नव्हती. पण आपा त्याला म्हणाल्या, "एवढी जागा आहे, तर अब्बांची रेकॉर्डिंगही यातच टाकून दे," तेव्हा आम्ही त्याचा हात धरला.

अब्बांनी शेवटच्या दोन वर्षांत बोटीवरच्या नोकरीच्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्या एकाच फोनमध्ये आहेत आणि त्या फोनचा पडदा आता लुकलुकतो.

जुनी हार्ड डिस्क बिघडायला लागली की बहुतेक वेळा टकटक आवाज करते, अडखळते, निदान घरच्यांना सावध तरी करते. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. काल चालत होती आणि आज संगणकाला दिसतच नाही, असे तिचे जाणे असते. म्हणून तिची प्रकृती आधीच पाहावी लागते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. डिस्क स्वतःबद्दल जी नोंद ठेवते, ती तो समोर मांडतो. (स्वस्त यूएसबी डबीत घालून जोडली तर कधी कधी ही नोंद दिसत नाही. तो दोष डबीचा, डिस्कचा नव्हे.)

आमच्या समोर आले ते असे: हेल्थ ५१ टक्के, चालू राहिलेले तास २१,४००, चालू-बंद केल्याची संख्या २१२, एकूण लिहिलेला मजकूर ८८ टीबी.

भाचा ५१ वरच अडकला होता. आम्हाला मात्र बाकीचे आकडे जास्त बोलके वाटले. २१,४०० तास म्हणजे अखंड चालवली तरी जवळजवळ अडीच वर्षे. आणि तेवढ्या काळात फक्त २१२ वेळा सुरू केली, म्हणजे एकदा लावली की सरासरी चार दिवस बंदच नाही. घरचा लॅपटॉप असा चालत नाही. त्यात रोजचे लिखाण सरासरी १०० जीबी. ही डिस्क कुठल्यातरी कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगला रात्रंदिवस राबलेली असावी, असा आमचा अंदाज.

लिखाणाला एवढे महत्त्व कशासाठी? एसएसडीतले कप्पे पुन्हा पुन्हा लिहून-पुसून झिजतात, नुसते वाचून फारसे नाही. म्हणून कंपन्या किती टीबी लिहीपर्यंत हमी, ते सांगतात. किंग्स्टन ए४०० च्या २४० जीबीला ८० टीबी, सॅमसंग ८७० इव्होच्या ५०० जीबीला ३०० टीबी. आमच्या डिस्कची हमी १८० ची होती, त्यातले ८८ संपले. ५१ टक्के आले ते इथूनच. हा आकडा बहुधा झिजेचा हिशेब असतो. आतला कंट्रोलर उद्या बसणार की नाही, हे त्याला कळत नाही. ९८ टक्केवालीही अचानक जाते.

झिजेपेक्षा आम्ही जास्त घाबरतो ते चुकांच्या ओळींना. साध्या साटा डिस्कमध्ये ०५ क्रमांकाची ओळ पाहावी, ती बाद झालेल्या जागांची. ती वाढत असेल तर डिस्क परत करावी. काडीसारख्या एनव्हीएमई डिस्कमध्ये मीडिया एरर शून्य हवेत आणि अव्हेलेबल स्पेअर १०० च्या आसपास. या ओळींतले मूळ आकडे सोळाच्या पद्धतीत दिसतात, ते मेनूतून दशमानात करून घ्यावेत, नाहीतर उगाच घाबरगुंडी उडते. आमच्या डिस्कची ०५ ची ओळ शून्य होती.

उलट एखाद्या डिस्कवर तास तीनच आणि सोनेरी टोके घासलेली दिसली, तर नोंद पुसलेली असू शकते. शिवाय खोट्या क्षमतेचा माल बाजारात असतो. रिकाम्या डिस्कवर एच२टेस्टडब्ल्यू चालवला की तो ती काठोकाठ भरतो आणि लिहिलेले सगळे परत वाचून पाहतो. रात्री लावून ठेवावा. दुकानात नुसता हेल्थचा फोटो दाखवला तर त्यावर जाऊ नये, डिस्क समोर जोडायला सांगावी.

आकडे दाखवल्यावर दुकानदाराने निमूटपणे काही पैसे परत केले. डिस्क आम्ही पूर्ण पुसून भाच्याच्या लॅपटॉपमध्येच बसवली. विंडोज आणि कॉलेजच्या कामाला ती ठीक आहे, त्याच्या फाइल्स दर जुम्म्याला पेन ड्राइव्हवर जातात.

"मग मामू, नानांची रेकॉर्डिंग?" त्याने विचारले. झिजलेली एसएसडी विजेविना कपाटात पडून राहिली तर लिहिलेले हळूहळू विसरू शकते, उकाड्यात आणखी लवकर. म्हणून ती एका नव्या हार्ड डिस्कवर घेतली, दुसरी प्रत धाकट्या भावाकडे पुण्याला पाठवली. एकूण ४१ फाइल्स. प्रत्येक उघडून ऐकायला दोन रविवार गेले. त्यातल्या दोन उघडत नाहीत. फोन अजून टाकलेला नाही.