चारशे ऐंशी नॉट्स म्हणजे किती मॅक?



गेल्या महिन्यात आम्ही लोह्याला आपाकडे गेलो होतो. भाची बारावी सायन्सला आहे आणि तिला लहानपणापासून विमानांचं वेड आहे. एरवी आम्ही गेलो की तिची बडबड थांबत नाही. त्या दिवशी जेवणं झाली, दस्तरखान उचललं, तरी पोरगी गप्पच. आपा म्हणाली, "सराव परीक्षेत मार्क घालवले आणि वर सरांना उलट बोलून आली."

आम्ही पेपर मागितला. प्रश्न एका ओळीचा होता : विमानाचा वेग ४८० नॉट्स आहे, तो मॅकमध्ये सांगा. भाचीने लिहिलं होतं, "हवेचं तापमान किंवा उंची दिलेली नाही, म्हणून उत्तर काढता येत नाही." उत्तरसूचीत होतं ०.७३. तिला मिळाले शून्य गुण.

"मामू, माझं चुकलं का?" तिने विचारलं.

चुकलं नव्हतं. कसं ते पाहू.

नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. पूर्वी खलाशी दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारून ती जहाजामागे पाण्यात सोडत आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून सरकल्या ते मोजत. गाठीला इंग्रजीत नॉट म्हणतात, तेच नाव पुढे विमानांनाही लागलं. म्हणजे ४८० नॉट्स हे ताशी सुमारे ८८९ किलोमीटर. इथवर तापमानाचा काही संबंध नाही. नॉटचे किलोमीटर कुठेही करा, उत्तर तेच येईल.

मॅकचं तसं नाही. अर्न्स्ट मॅक या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाच्या नावावरून हा अंक आला. विमानाचा वेग हा तिथल्या आवाजाच्या वेगाच्या किती पट आहे, एवढंच तो सांगतो. मॅक १ म्हणजे आवाजाइतका वेग. आणि आवाजाचा वेग हवेच्या तापमानाबरोबर बदलतो. हवा तापली की आवाज जोरात धावतो, गार झाली की मंदावतो.

हिशेब वहीत करता येतो. सेल्सिअस तापमानात २७३.१५ मिळवा, आलेल्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि ३८.९७ ने गुणा. आवाजाचा वेग नॉट्समध्ये मिळतो. मग विमानाच्या वेगाला त्याने भागलं की झाला मॅक अंक.

आम्ही भाचीला तीन ठिकाणं दिली. समुद्रसपाटी, १५ अंश : आवाजाचा वेग ६६१.५ नॉट्स, उत्तर ०.७३. प्रवासी विमानं उडतात ती ११ किलोमीटरची उंची, प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश : ५७३.६ नॉट्स, उत्तर ०.८४. आणि मे महिन्यातलं लोहा, ४२ अंश : सुमारे ६९२ नॉट्स, उत्तर ०.६९. वेग तोच, उत्तरं तीन. उत्तरसूचीने न सांगता समुद्रसपाटी गृहीत धरली होती, आणि ४८० नॉट्सने जाणारं प्रवासी विमान तर तिथे उडतच नाही.

हा नुसता मार्कांचा वाद नाही. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी अमेरिकेच्या चक येगरने पहिल्यांदा सरळ उड्डाणात आवाजाचा वेग ओलांडला, तेव्हा तो सुमारे ४३ हजार फुटांवर होता. वेग साधारण ६०८ नॉट्स, म्हणजे तिथल्या गार हवेत मॅक १.०६. तोच वेग समुद्रसपाटीला असता तर ०.९२ भरला असता आणि विक्रम झालाच नसता. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ विमानं तयार झाली. त्यांचा मॅक २ च्या पुढचा वेगही उंचावरचाच, जमिनीलगतचा नव्हे.

म्हणूनच वैमानिक खाली नॉट्स पाहतो आणि उंचावर मॅकचा काटा. आवाजाच्या वेगाजवळ गेलं की पंखांवरच्या हवेचं वागणं बदलतं, विमान थरथरू लागतं. तिथे चुकीचा हिशेब धोक्याचा.

एक खबरदारी मात्र घ्या. उमऱ्याला जाताना सीटसमोरच्या पडद्यावर जो वेग दिसतो तो जमिनीच्या मानाने असतो, त्यात वाऱ्याचा वेगही मिसळलेला असतो. मॅक काढायला हवेच्या मानाने असलेला खरा वेग लागतो.

भाचीला आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली. सागरी मैल आला कुठून? पृथ्वीच्या एका अंशाचा साठावा भाग म्हणून. हा अंश जमिनीवर किती लांब भरतो, याचे आकडे ग्रीक ग्रंथांत होते. तरी नवव्या शतकात बगदादच्या खलिफा मामूनने तेवढ्यावर समाधान मानलं नाही. त्याने आपले खगोलशास्त्रज्ञ सिंजारच्या मैदानात पाठवले. ताऱ्याची उंची एक अंशाने बदलेपर्यंत ते सरळ उत्तरेला आणि दक्षिणेला चालत गेले आणि अंतर मोजून आले. पुस्तकात आकडा आहे म्हणून तो तपासायचा नाही, असं त्यांना वाटलं नाही.

आपा सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे ती उलट बोलली नव्हती?"

नव्हती. ती विचारत होती. दोन्हींतला फरक आपण घरातल्या मोठ्यांनी ओळखायला हवा, मुलींच्या बाबतीत तर जास्तच. मुलगा अडला की "हुशार आहे" आणि मुलगी अडली की "तोंडाळ आहे", हा हिशेबही तपासून पाहण्यासारखा आहे.

दुसऱ्या दिवशी भाचीने तिन्ही उत्तरं स्वच्छ कागदावर लिहिली आणि सरांना सलाम करून दाखवली. मार्क वाढले नाहीत. पण सरांनी तो कागद ठेवून घेतला आणि पुढच्या सराव परीक्षेत प्रश्नासोबत तापमान दिलं होतं. आपाने फोन करून हे आम्हाला सांगितलं, तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती.