काळजाला चुना

आमच्या भिवंडीत दोन गोष्टी अहोरात्र चालू असतात. एक यंत्रमाग आणि दुसरी वैद्यकीय सल्लामसलत. यंत्रमाग निदान लाइट गेली की बंद पडतात. सल्ल्याचं तसं नाही. लाइट गेली की मंडळी गॅलरीत येतात आणि सल्ला दुप्पट वेगाने सुरू होतो.

परवा आमच्या सौभाग्यवतींचा रक्ताचा रिपोर्ट आला. बहात्तर तपासण्यांचं पॅकेज होतं. त्यांतल्या एकाहत्तरांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. कॅल्शियमपुढे ८.९ असा आकडा होता आणि शेजारी ८.६ ते १०.२ असं माप छापलं होतं. माझ्या अल्पमतीप्रमाणे आकडा मापात होता. पण शेजारच्या काकूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि निकाल दिला, ‘‘काठावर पास झालीस गं!’’

झालं! मराठी मध्यमवर्गीय माणसाला डोक्यावर कर्ज चालतं, पण काठावर पास झालेलं चालत नाही. संध्याकाळपर्यंत आमच्या घरात कॅल्शियमच्या गोळ्यांच्या तीन बाटल्या जमा झाल्या. एक काकूंची, एक मेहुणीची आणि एक औषधांच्या दुकानातल्या पोराने दिलेली. चिठ्ठी त्याने विचारली नाही. ‘‘ताकदीचं आहे, काका. घेऊन टाका!’’ म्हणाला.

माझं भांडण आहे ते या गुणपत्रिकेशी. वाचकहो, रक्तातलं कॅल्शियम ही दहावीची परीक्षा नव्हे. ८.६ला पास आणि ११ला डिस्टिंक्शन असा हिशेब तिथे नाही. तिथे ११ मिळाले तर पेपर फुटला असं समजून चौकशी लावायची असते.

अंगातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात फिरतं ते अगदी चिमूटभर. हाडं ही बँक आणि रक्त म्हणजे खिशातले सुटे पैसे. सुटे मोजून बँकेतली शिल्लक कळत नाही. हाडं ठिसूळ झालेल्या बाईचंही रक्तातलं कॅल्शियम झकास ९.५ येऊ शकतं. कारण खिशात नेहमी ठरावीकच रक्कम राहावी म्हणून गळ्यात, थायरॉइडच्या मागे, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी कारकुनी करत बसलेल्या असतात. त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. या ग्रंथी पहिल्यांदा लक्षात आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याच्या गळ्यात. गेंड्याच्या कातडीखालीही इतकी चोख कारकुनी चालते हे वाचल्यापासून मी सरकारी कचेऱ्यांकडे आदराने पाहू लागलो आहे.

हृदयाला कॅल्शियम लागतं, हे मी नाकारत नाही. लंडनच्या सिडनी रिंगर या डॉक्टरांनी १८८२ साली मिठाच्या पाण्यावर बेडकाचं हृदय चालवून दाखवलं. पुढे उघडकीला आलं की ते पाणी शुद्ध नव्हतंच, सरळ नळाचं होतं! शुद्ध पाणी घेतलं तर हृदय बंद पडायचं. सगळी करामत नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमची होती. रिंगरसाहेबांनी १८८३ साली ही गफलत छापून कबूल केली आणि आज सलाइनच्या बाटलीवर त्यांचं नाव असतं. आमच्याकडे नळाला पाणी येणं हाच मुळात एक प्रयोग असल्यामुळे पुढचे शोध लागायचे राहून गेले.

तर प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम हृदयाच्या स्नायूंत शिरतं, स्नायू आवळतात. ते मागे फिरतं, स्नायू सैल होतात. मागातला धोटा इकडून तिकडे जावा तसं, दिवसातून लाखभर वेळा. पण कापड जास्त निघावं म्हणून कुणी एकाच मागात सात धोटे एकदम सोडत नाही. भिवंडीकरांना हे मी सांगायला नको.

मी एवढा तावातावाने का बोलतोय? आमच्या दादांमुळे.

दादा माझे थोरले बंधू, निवृत्त मास्तर. गुडघे दुखू लागले म्हणून डॉक्टरांनी त्यांना ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी दिली, आठवड्यातून एक, आठ आठवडे. दादांनी ती दोन वर्षं घेतली. एखादी संकष्टी चुकली असेल, सोमवारची पुडी चुकली नाही. जोडीला कॅल्शियमच्या दोन गोळ्या, स्वतःच्या अधिकारात. आणि त्यावर कळस म्हणजे मोबाइलवर आलेला संदेश : ‘रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना ताकातून घ्या, शंभर वर्षं जगा.’ दादांचा दाणा बहुधा मक्याचा असावा. पानाबरोबर चुना खाऊन रक्तातलं कॅल्शियम वाढलेले आणि मूत्रपिंडं बिघडलेले रोगी तैवानच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहेत. पण तैवानचे डॉक्टर आमच्या आळीच्या ग्रुपवर नाहीत.

दादांची तहान वाढली, पोट साफ होईना, रात्री चारदा उठायला लागले, बोलता बोलता हरवायला लागले. आम्ही म्हटलं, वय झालं. मग एका रात्री छातीवर जातं ठेवल्यासारखं झालं. दादा म्हणाले, ‘‘गॅस आहे.’’ काकूंनीही गॅसच ठरवला. ओवा झाला, सोडा झाला, एक तास गेला. शेवटी ठाण्याला न्यायला निघालो, तर माणकोलीला ट्रकांची ही रांग! आमच्याकडे जगातला सगळा माल गोदामांत येतो. त्यांतल्या एखाद्या ट्रकात कॅल्शियमच्याच गोळ्या असतील, असा विचार त्या वेळी सुचला नाही. त्या वेळी फक्त दादांचा हात गार लागत होता. मला बोट धरून शाळेत नेलेला हात.

दादा वाचले. एक रोहिणी बंद झाली होती, ती उघडली. रक्तातलं कॅल्शियम १२.४ निघालं. मी डॉक्टरांना विचारलं, ‘‘हे गोळ्यांमुळेच ना?’’ डॉक्टर सज्जन होते. म्हणाले, ‘‘झटक्याला बाप अनेक असतात. यांची तीस वर्षांची सिगारेट आहे, साखर आहे. एकट्या गोळीवर खुनाचा आरोप लावता येणार नाही. पण हा मुद्देमाल परत घरी नेऊ नका.’’

शास्त्रज्ञही साधारण याच सुरात बोलतात. न्यूझीलंडमध्ये २००८ साली १४७१ बायकांवरच्या प्रयोगात कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके जास्त दिसले. २०१० साली त्याच मंडळींनी असे बरेच प्रयोग एकत्र मांडले, तेव्हा वाढ तीस टक्क्यांच्या घरात निघाली. २०१७ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की, जन्मजात जनुकांमुळेच ज्यांच्या रक्तात कॅल्शियम किंचित चढं असतं, त्यांच्यात हृदयाच्या रोहिण्यांचा विकार अधिक आढळतो. गोळ्यांचा दोष किती, यावर तज्ज्ञांत अजून जुंपलेली आहे. पण दूध, नाचणी, तीळ यांच्यातल्या कॅल्शियमवर सहसा कुणी बोट ठेवत नाही. पोळी-भाजीतलं कॅल्शियम हळूहळू झिरपतं, गोळीतलं एकदम वरातीसारखं रक्तात घुसतं.

यातही मार्कांचा घोळ आहेच. हृदयाच्या रोहिण्यांच्या भिंतींत साठलेलं कॅल्शियम स्कॅन करून मोजतात, त्याला कॅल्शियम स्कोअर म्हणतात. तिथे शून्य हा सर्वांत उत्तम मार्क! आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा स्कोअर चारशे आला, तर त्यांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

ज्यांना डॉक्टरांनी कारण सांगून गोळी दिली आहे, त्यांनी ती माझ्या सांगण्यावरून बंद करू नये. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर काहींना तिच्यावाचून चालत नाही. माझं म्हणणं एवढंच, की गोळी ही गोळी आहे, श्रीखंडाची वडी नव्हे. किती, कशासाठी आणि कधीपर्यंत, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ती तोंडात टाकू नये. हे प्रश्न विचारायला दादांना दोन वर्षं मिळाली होती. आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारले, पण पुडीला एकही विचारला नाही.

हल्ली दादा नाचणीची भाकरी खातात, सिगारेट सुटली आहे आणि चुना फक्त भिंतीला लागतो. सौभाग्यवतींना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ८.९ पाहून रिपोर्ट घडी करून परत दिला.

संध्याकाळी काकू चौकशीला आल्या. ‘‘मग हिच्या ८.९चं आता काय करायचं ठरलं?’’

‘‘पेढे वाटायचे,’’ मी म्हटलं. ‘‘पास झाली आहे.’’

‘‘पेढ्यात कॅल्शियम असतं ना?’’

‘‘खव्याचा म्हणजे असणारच.’’

काकूंनी लगेच दोन उचलले. त्यांना शुगर आहे.